रक्त थांबलं, पण कशानं?

प्रश्न: वय ४७. वर्षभर ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होतं, म्हणून या वाचक भगिनी दंतवैद्यांकडे गेल्या. तपासणीत दाढांभोवती ५ ते ६ मिलिमीटरचे पॉकेट (हिरडी दातापासून सुटून झालेले खिसे) निघाले आणि एक्स-रेमध्ये हाड थोडं झिजलेलं दिसलं. डॉक्टरांनी भूल देऊन चार बैठकांत डीप क्लीनिंग, म्हणजे हिरडीखालची खोल सफाई, करायला सांगितलं. यांना धडकीच भरली, कारण 'आईचे दात सफाईनंतरच हलायला लागले आणि गेले' हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या आहेत. दरम्यान जाऊबाईंनी प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत 'चांगल्या' जंतूंच्या, चघळायच्या गोळ्या सुचवल्या. रोज रात्री एक, अशा दोन महिने घेतल्या आणि रक्त जवळजवळ थांबलं. हे डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, 'असल्या गोळ्यांनी काही होत नसतं.' मुलाच्या मते ही सगळी जाहिरातबाजी आहे. त्या विचारतात: गुण आलाय तर सफाई कशाला? निदान सहा महिने पुढे ढकलली तर चालेल का? आणि नवरा पोटासाठी प्रोबायोटिक कॅप्सूल घेतो, तीच मी घेतली तर? (मधुमेह आहे. तीन महिन्यांपूर्वीची एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखरेची तपासणी, ७.९.)

उत्तर: ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनतीनदा वाचलं. डबीवर 'रात्री ब्रश केल्यानंतर चघळावी' असं छापलंय, म्हणून तुम्ही रात्रीही ब्रश करायला लागलात. त्याआधी फक्त सकाळी करत होतात. हे तुम्ही कंसात, जाता जाता लिहून टाकलंय, पण खरी मेख तिथंच आहे. दोन महिन्यांपूर्वी तुमच्याकडे एक नाही, दोन नव्या गोष्टी सुरू झाल्या. श्रेय मात्र एकीलाच मिळालं.

१९६५ साली डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथं हॅरल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अगदी साधा प्रयोग केला. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला लावलं, तर साधारण आठवडाभरात हिरड्या होत्या तशा झाल्या. ना औषध, ना गोळी. दातांवर साचणारा तो बुळबुळीत थर, ज्याला आम्ही प्लाक म्हणतो, तो रोज नीट मोडला की वरवरची सूज उतरते आणि रक्त थांबतं. त्यामुळे तुमचं रक्त दोन महिन्यांत थांबलं याचं मला नवल वाटलं नाही. गोळीनं काहीच हातभार लावला नाही, असंही मी म्हणणार नाही. पण कुणी किती काम केलं हे आता सांगता येत नाही, कारण दोघी एकाच दिवशी घरात आल्या.

खात्रीच करून घ्यायची असेल तर दोन आठवडे गोळी बंद ठेवा आणि रात्रीचा ब्रश चालू ठेवा. उलटं मात्र करून बघू नका.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. रक्त थांबलं म्हणजे आजार गेला, असं तुम्ही धरून चालला आहात. लो यांच्या १२ जणांना झाला तो आजाराचा पहिला टप्पा, जिंजिव्हायटिस. तो पूर्ण बरा होतो. तुम्हाला जे झालंय ते पुढचं आहे: पेरिओडॉन्टायटिस, ज्याला लोक पायोरिया म्हणतात. यात दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं, आणि झिजलेलं हाड आपलं आपण भरून येत नाही. आजार थांबवता येतो, आणि थांबवला की दात वर्षानुवर्षं टिकतात. पण तो थांबलाय की नाही हे सकाळी थुंकलेल्या पाण्याच्या रंगावरून कळत नाही.

तपासणीच्या दिवशी तुमच्या कानावर आकडे पडले असतील. प्रोब ही बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा केलेली बारीक सळई. दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत ती अलगद सरकवतात, एकेका दाताभोवती सहा ठिकाणी, आणि मदतनीस लिहून घेते: तीन, दोन, तीन, पाच, तीन, सहा. तीनपर्यंत ठीक. चार आला आणि तिथून रक्तही आलं तर लक्ष ठेवायचं. पाच-सहा म्हणजे हिरडी दातापासून सुटून तिथे एक खिसा तयार झालाय. तुमच्या ब्रशचे केस हिरडीखाली जेमतेम एखाद मिलिमीटर पोचतात. बाकीचे चार-पाच मिलिमीटर अंधारात आहेत, तिथे प्राणवायू कमी, आणि मुळाला चिकटलेलं टार्टर, म्हणजे कडक झालेला प्लाक, दगडासारखं घट्ट. ते घासून निघत नाही आणि कोणत्याही गोळीनं विरघळत नाही. वरची हिरडी बरी झाली म्हणून ब्रशला रक्त येत नाही, पण प्रोब तळाशी टेकली की येतं, असं मी कित्येकदा पाहते. (सिगारेट ओढणाऱ्या वाचकांनी तर रक्तावर मुळीच भरवसा ठेवू नये. धूम्रपानानं हिरड्यांतून रक्त येणं कमी होतं आणि आजार आत गुपचूप वाढत राहतो.)

म्हणून माझा पहिला सल्ला: त्या दिवशीच्या आकड्यांच्या तक्त्याची प्रत मागून घ्या. तो कागद तुमच्या एचबीएवनसीच्या रिपोर्टसारखाच आहे. 'बरं वाटतंय' या शब्दांवर तुम्ही मधुमेहाची गोळी बंद केली नसती ना?

तर मग प्रोबायोटिक सगळं थोतांड का? नाही. इथे मी तुमच्या मुलाच्याही बाजूनं नाही आणि हसणाऱ्या डॉक्टरांच्याही नाही.

आपल्या तोंडात जंतूंच्या ७०० हून अधिक जाती सापडल्या आहेत. पूर्वी समज असा होता की त्यांतले काही दुष्ट, तेवढे मारले की झालं. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हे त्यातलं सर्वांत बदनाम नाव. पण हा जंतू संख्येनं थोडा असूनही बाकीच्या वस्तीचा तोल बिघडवतो, आणि त्या बिघडलेल्या वस्तीशी लढताना आपल्याच शरीराची सूज आपलं हाड खाते, असं आता दिसतंय. तोलाचाच प्रश्न असेल तर चांगले जंतू भरीला घालून तो सावरता येईल का, हा विचार ओघानंच आला, आणि तो काही खुळचट नाही. हे जंतू जागेसाठी इतरांशी स्पर्धा करतात, काही जण इतरांची वाढ रोखणारी द्रव्यं सोडतात, काहींमुळे सूज वाढवणारे संदेश मंदावतात. प्रयोगशाळेत हे सगळं झकास दिसतं.

तोंडात मात्र ते पाहुणे असतात. गोळी चालू आहे तोवर लाळेत सापडतात, आणि बंद केली की काही आठवड्यांत त्यांचा मागमूस राहत नाही. कायमचं बिऱ्हाड ते थाटत नाहीत.

माणसांवरचे प्रयोग काय सांगतात? २०१३ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेन इथल्या संशोधकांनी पेरिओडॉन्टायटिसच्या ३० रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस रूटेरीची चघळायची गोळी दिवसातून दोनदा, १२ आठवडे, आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनजंतूंची गोळी. गोळीवाल्यांचे मध्यम आणि खोल पॉकेट जास्त कमी झाले. उत्साह वाटावा असाच निकाल. पण दोन गोष्टी नजरेतून सुटू नयेत. माणसं अवघी ३०. आणि त्या तिसांपैकी प्रत्येकाची, गोळी खरी असो वा खोटी, आधी पूर्ण खोल सफाई झाली होती. सफाईऐवजी गोळी, असा तो प्रयोग नव्हताच. शिवाय बिनजंतूंची गोळी चघळणाऱ्यांच्या हिरड्याही चांगल्याच सुधारल्या, नुसत्या सफाईनं.

चिलीमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सफाईनंतर एका गटाला दुसऱ्या जातीचं प्रोबायोटिक दिलं, एकाला ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि एकाला औषधच नसलेली नुसती गोळी. सुधारले तिन्ही गट, आणि जादा फायदा ना प्रोबायोटिकचा दिसला ना अँटिबायोटिकचा. २०२० मध्ये युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीनं असे उपलब्ध चांगले प्रयोग एकत्र पाहून मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट म्हटलंय की सफाईच्या जोडीला प्रोबायोटिक देऊ नये असं आम्ही सुचवतो. त्यांना ती घातक वाटली असं नाही. एकत्रित फायदा सिद्ध होत नाही, इतकंच. रूटेरीच्या काही चाचण्यांत बरं दिसतं, इतरांत दिसत नाही, आणि प्रत्येक चाचणीतला जंतू वेगळा.

हे 'वेगळा' प्रकरण समजून घ्या, कारण तुमच्या कॅप्सूलच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. लॅक्टोबॅसिलस हे झालं आडनाव, रूटेरी हे नाव, आणि पुढे जो अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो तो नेमका माणूस: डीएसएम १७९३८, एटीसीसी पीटीए ५२८९ असे. फायदा दिसला असेल तर तो त्या नेमक्या जंतूचा, अख्ख्या आडनावाचा नव्हे. तुम्ही डबीवरचा मजकूर लिहून पाठवलात, त्यात नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' आहे. म्हणजे कोणाला घरात घेतलंय ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. (जाता जाता: २०२० साली लॅक्टोबॅसिलस या भल्यामोठ्या कुटुंबाची वाटणी होऊन २५ कुळं झाली आणि रूटेरी 'लिमोसिलॅक्टोबॅसिलस' झाली. तेव्हा डबीवर जुनं आडनाव असलं तरी फसवणूक समजू नका, क्रमांक बघा.)

आणि यजमानांची कॅप्सूल? ती गिळायची असते. पुष्कळ कॅप्सूलना तर असं आवरण असतं की आतले जंतू पोट ओलांडून आतड्यातच सुटावेत. हिरडीशी त्यांची गाठ पडतच नाही. चघळायची गोळी तोंडात हळूहळू विरघळते, जंतू दातांवर आणि हिरड्यांवर काही काळ थांबतात. या चाचण्यांमध्ये गोळी चघळायचीच का असते, त्याचं कारण हे. कॅप्सूल यजमानांनाच राहू द्या.

आता आईंबद्दल. 'सफाईनंतरच दात हलायला लागले' हे तुमच्याच घरात नाही, जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि ते खोटंही नसतं. नंतर हलले, हे खरं असतं. पण सफाईला माणूस जातो कधी? बहुतेकदा हाड निम्मं गेल्यावर. त्या वेळी दातांच्या मधल्या फटींत टार्टरचा घट्ट लिंपण बसलेला असतो आणि तो सैल दातांना एकमेकांशी बांधून ठेवतो. लिंपण काढला की दात मुळात किती सैल होते ते उघडं पडतं. सुजलेली हिरडी आकसून खाली जाते, मुळं थोडी उघडी पडतात, फटी दिसायला लागतात, गार पाणी झणझणतं. रुग्णाला वाटतं, काल भरलेलं तोंड आज पोकळ केलं. हे सगळं कुणी आधी समजावून सांगितलेलं नसतं, आणि त्यात दोष रुग्णाचा नाही, आम्हा डॉक्टरांचा आहे. तुमच्या आईंचे दात सफाईनं गेले की सफाईला उशीर झाल्यानं, हे मी इतक्या दुरून सांगू शकत नाही. पण हाड झिजण्याचा वेग पुढे ढकलण्यानं कमी होत नाही, एवढं सांगते. तुमचं हाड 'थोडं' झिजलंय, असं तुम्हीच लिहिलंय. तुम्ही आईंपेक्षा लवकर पोचल्या आहात.

तुम्हालाही झणझणेल, थोड्या फटी दिसतील, हे धरून चाला. झणझणणं बहुधा काही आठवड्यांत उतरतं. फटींत घालायचे बारीक ब्रश मिळतात, वेगवेगळ्या जाडीचे. कोणत्या फटीत कोणता, हे डॉक्टरांकडून आरशासमोर बसून शिकून घ्या. ब्रश जरा अडत आत जायला हवा, ढिला नको आणि कोंबावाही लागू नये. खरं सांगू, गोळ्यांच्या तीन डब्या आणि हे बारीक ब्रश यांतलं एकच निवडायची वेळ आली तर मी डोळे मिटून ब्रश उचलेन.

खोल सफाईचं फळ किती, याचे आकडे आहेत. २०२० च्या एका मोठ्या आढाव्यात सफाईनंतर ६ ते ८ महिन्यांत सरासरी ७४ टक्के पॉकेट बंद झालेले आढळले. गोळीच्या कोणत्याही चाचणीतला जादा फायदा याच्या जवळपासही जात नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, ते म्हणजे साखर. रक्तातली साखर चढी असली की हिरड्यांची सूज वाढते, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात यायला त्रास होतो. हिरड्यांचे उपचार केलेल्या मधुमेहींची एचबीएवनसी ३-४ महिन्यांत सरासरी ०.४ च्या आसपास उतरते, असं अनेक चाचण्यांमधून दिसलंय. ७.९ वर उभ्या असलेल्या माणसाला हे थोडं नाही. तेव्हा दंतवैद्यांना तुमचा रिपोर्ट दाखवा आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना सफाईबद्दल सांगा. ही दोन माणसं आपणहून एकमेकांशी बोलत नाहीत, हा माझा अनुभव आहे. सफाईच्या दिवशी उपाशी जाऊ नका. ही भूल तोंडापुरती असते, तेव्हा नेहमीचं खाणं आणि नेहमीच्या गोळ्या वेळेवर, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर.

सहा महिने ढकलू का, या प्रश्नाला माझं उत्तर नाही असंच आहे. दोन-चार आठवड्यांनी फारसं बिघडत नाही. घरातली गडबड, रजा, मनाची तयारी, हे सगळं त्यात बसवा. त्यापुढे नको.

मग गोळीचं काय करायचं? परवडत असेल आणि हवी असेल तर सफाईनंतर घ्या. मी स्वतः ती क्वचित सुचवते, आणि तेव्हा अट घालते की १२ आठवडे घ्यायची, आधीची आणि नंतरची मापं तपासायची, फरक नसेल तर बंद. जंतूचा पूर्ण क्रमांक छापलेली, साखर नसलेली, आणि जिवंत जंतूंची संख्या 'तयार करताना' किती यापेक्षा 'मुदत संपेपर्यंत' किती हे सांगणारी डबी घ्या. सफाईनंतर क्लोरहेक्झिडिनचा माउथवॉश दिला असेल तर तेवढे दिवस गोळी थांबवा. एकानं जंतू मारायचे आणि दुसरीनं सोडायचे, यात पैशांचाच चुराडा. कृत्रिम हृदयझडप असणाऱ्यांनी, केमोथेरपी चालू असणाऱ्यांनी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिवंत जंतूंची कोणतीही गोळी घेऊ नये. असे जंतू रक्तात शिरल्याच्या घटना दुर्मीळ आहेत, पण ज्या घडल्या त्या बहुतेक अशाच नाजूक प्रकृतीच्या माणसांत.

डॉक्टर हसले हे तुम्हाला लागलंय, ते पत्रात दोन ठिकाणी दिसतं. लागायलाच हवं होतं. पण त्या हसण्याचा राग सफाईवर निघतोय का, हे एकदा स्वतःला विचारा. दुसऱ्या पेरिओडॉन्टिस्टचं, म्हणजे हिरड्यांच्या तज्ज्ञाचं, मत घ्यायला काहीच हरकत नाही. मापांचा तक्ता आणि एक्स-रे बरोबर न्या, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको. नाहीतर त्याच डॉक्टरांकडे जा आणि थेट म्हणा: "गोळीनं नाही तर कशानं रक्त थांबलं, ते मला समजावून सांगा. आणि सफाईनंतर तीन महिन्यांनी हीच मापं पुन्हा घेऊन मला दाखवा." या वाक्यावर कुणी हसत नाही.

भुलेच्या सुईची भीती वाटते हेही खुर्चीत बसल्या बसल्या सांगा. सुईआधी हिरडीवर बधिर करणारं जेल लावता येतं. चारही बैठका तोंडाच्या एकेका बाजूच्या असतात, त्यामुळे त्या दिवशी दुसऱ्या बाजूनं चावता येतं. आणि डावा हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचं, हे सुरू करण्याआधी ठरवून घ्या. पहिल्या दहा मिनिटांत एकदा, गरज नसली तरी, हात वर करून बघा.